गवतगाडीचा स्टार्टर आणि मंगलाचा पाट

सातपूर, नाशिक
दसरा होऊन नववा दिवस, सन १९८३

ती. केरूदाजी यांच्या पायांशी धाकटा मेहुणा जयराम याचा वाकून नमस्कार. (वाकलो की अलीकडं कमरेत कळ येते, त्याचं कारण पुढं येईलच, पण नमस्कार पुरता आहे असं समजावं.)

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. मंगलाची सर्दी गेली. चांगुणाअक्काचं पत्र पोचलं. तुमच्या तब्येतीचं वाचून मात्र काळजी वाटली. अक्कानं लिहिलंय की मालेगावच्या लाकडाच्या वखारीत तुम्ही गंमत म्हणून काट्यावर उभे राहिलात, काटा शंभराच्या पुढं गेला, आणि वखारवाल्यानं काटा बिघडला म्हणून दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावला. दाजी, राग मानू नका, पण काटा बिघडलेला नसावा. अधिक महिन्यात तुम्ही धोंड्याच्या जेवणाला आमच्याकडं आलात तेव्हा दुसऱ्या पुरणाच्या धोंड्याला तुमच्याखालचा पाट मधोमध चिरला होता, आठवतं ना? तुम्ही म्हणालात लाकूड जुनं दिसतंय, आणि आम्हीही म्हणालो हो, फारच जुनं होतं. जावई पाटावर बसलेला असताना घरच्यांनी दुसरं काय म्हणायचं? त्या दिवसापासून घरात एकच पाट उरला. तो मंगलानं माहेराहून आणलेला, पितळी फुल्यांचा. ती त्याच्यावर मलासुद्धा बसू देत नाही, फक्त जावई आणि गणपती. तर गोड जरा कमी करा आणि संध्याकाळी मोसम पुलापर्यंत चालत जाऊन या.

आता पत्राचं कारण. ते थोडं लांबलचक आहे, तेव्हा हातातलं मोटरचं आर्मेचर खाली ठेवून सावकाश वाचा. आमची कंपनी पंपांचे व्हॉल्व्ह बनवते हे तुम्हांला ठाऊक आहे. कंपनीपुढं अडीच एकर हिरवळ आहे हेही तुम्ही पाहिलंय (गेल्या वेळी तुम्ही तिथं डुलकी काढली होतीत आणि वॉचमननं उठवलं होतं). ती हिरवळ पाच बाया विळ्यानं कापतात. बयाबाई त्यांच्यातली म्होरकी. पाचजणी ओळीनं उकिडव्या बसतात आणि गेटपासून कँटीनपर्यंत सरकत जातात. पोचायला बारा दिवस लागतात, तोवर गेटजवळचं गवत परत वाढलेलं असतं, म्हणजे काम संपायचं भय नाही. रोजाची मजुरी आहेच, पण खरी कमाई म्हणजे गवत, ते त्यांचं. संध्याकाळी प्रत्येकीच्या डोक्यावर एक भारा जातो, आणि सातपूर गावातल्या नऊ म्हशी त्याच्यावर जगतात. त्यातल्या तीन बयाबाईच्या. कंपनी यायच्या आधी ही अडीच एकर जागा तिच्या सासऱ्याचं कांद्याचं वावर होती. ती अजून झेंड्याच्या खांबाला बांध म्हणते आणि साहेबांच्या गाडीच्या शेडला विहीर. पहिल्यांदा ऐकणारा माणूस गोंधळतो.

आमचे मोठे साहेब मागच्या वर्षी जर्मनीला गेले होते. तिथं त्यांनी एक माणूस गाडीवर बसून गवत कापताना पाहिला. एका तासात एवढं मैदान, आणि माणसाच्या कपाळाला घाम नाही. ते त्यांच्या मनात बसलं. तिकडच्या कंपनीनं तसलीच एक गाडी भेट म्हणून पाठवली, ती श्रावणात लाकडी खोक्यातून आली. लाल रंगाची, चार चाकांची, दिंडोरीकडं द्राक्षवाल्यांच्या बागेत ट्रॅक्टर फिरतात ना, त्यांचं शेंडेफळ वाटावी एवढी. पोटाखाली पातं, पुढं इंजिन, मधे स्टिअरिंग आणि बसायला काळी खोलगट गादी, कडा उचललेल्या. साहेबांनी सगळ्यांना हिरवळीवर उभं करून दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, गाडी चालू झाली की पुढच्या एक तारखेपासून पाचही बाया बंद. दुसरी, गाडी चालू करायचं काम जयरामकडं, आणि ती चालू होईल त्या दिवशी जयरामच्या हातात पर्मनंटची ऑर्डर. दाजी, सहा वर्षं मी टेंपररी आहे. मला आनंद झाला हे खोटं कशाला सांगू. इतका झाला की पहिली गोष्ट माझ्या कानावरून गेली. बयाबाईच्या गेली नाही. तिनं मला विचारलं, ह्याला खायाला गवत लागतं का? मी म्हटलं नाही, पेट्रोल लागतं, गवताचा हे बारीक भुसा करतं आणि उधळून देतं. ती म्हणाली, "म्हंजी सोता खानार नाय अन् दुसऱ्याला बी खाऊ देनार नाय." मी टेक्निकल माणूस, मी तिकडं लक्ष दिलं नाही.

खंडेनवमीला पूजा करून साहेबांच्या हस्ते गाडी चालू करायची असं ठरलं. गादीवर डाग पडता कामा नये, असं साहेब एकदा जाता जाता बोलले होते. तेवढ्यावरून त्यांचा शिपाई पुंजा यानं कायदाच करून टाकला की साहेबांच्या आधी गादीवर कुणीही बसायचं नाही. (पुंजा कसा आहे ते तुम्हांला माहीत नाही. साहेब रजेवर असले तरी तो त्यांच्या रिकाम्या खुर्चीला दार उघडून देतो.) त्यानं साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर असतो तसला पांढरा टर्किश टॉवेल आणून गादीवर अंथरला आणि शेजारी स्टूल टाकून बसला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांची जागा ती साहेबांची, आपण कशाला बूड टेकवायचं? चावी फिरवायला बसायची काय गरज? बाजूला उभं राहून, वाकून, हात लांब करून फिरवता येते. कमरेची कळ तिथली.

तर पहिल्या दिवशी चावी फिरवली आणि काही नाही. टक नाही, टुक नाही. तुमच्यासमोर मी शिकाऊच, म्हणून काय काय पाहिलं ते क्रमानं सांगतो, कुठं चुकलो ते तुम्ही सांगा. बॅटरी कोरडी आली होती. ॲसिड घातलं, सायकलच्या कॅरिअरला बांधून नाशकात द्वारका चौकापाशी नेली, दीड दिवस चार्जिंगला ठेवली. हायड्रोमीटरला साडेबाराशे, म्हणजे बॅटरी भरलेली. आणताना ॲसिड सांडून माझ्या खाकी पँटीला मागं अशा ठिकाणी भोक पडलं की आठवडाभर मी कुणाकडं पाठ केली नाही. टर्मिनलं सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, पॉलिश पेपर मारला, व्हॅसलिन लावलं. काही नाही. अर्थची तार सोडवून रंग खरवडला आणि आवळली. काही नाही. फ्यूज पाहिला, साबूत. चावीचा स्विच उघडला, टेस्ट लॅम्प लावला, दिवा झकास पेटला. पुढं पाहतो तर करंट चावीतून निघतो आणि स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही, मधेच कुठंतरी उतरून घेतो. मग तुम्ही ट्रकला करता तसं केलं, सोलेनॉइडच्या दोन्ही बोल्टांवर पेचकस आडवा टाकला. ठिणगी उडाली आणि सेल्फ स्टार्टर घुं करून फिरला! सेल्फबरोबर इंजिनही फिरलं. मी आनंदानं ओरडलो. पण फिरलं तेवढंच, पेटलं नाही, कारण प्लगला ठिणगी नाही. म्हणजे सेल्फ चांगला, बॅटरी चांगली, फ्यूज चांगला, स्विच चांगला, आणि सगळे चांगले मिळून काम करेनात. आमच्या कंपनीच्या स्टोअर डिपार्टमेंटसारखं.

गाडीबरोबर पुस्तक होतं, पण जर्मनमध्ये. त्यात वायरिंगचं चित्र होतं. ते मी तीन दिवस पाहिलं. पेडल दाबलेलं पाहिजे हे मला त्यातून कळलं (पायाचं चित्र होतं), म्हणून पेडलवर वीट ठेवली. पात्याचा दांडा बंद पाहिजे हेही कळलं. आणखी एक खुर्चीचं चित्र होतं. त्याचा अर्थ मी असा घेतला की पुस्तक निवांत बसून वाचावं, जर्मन लोक शिस्तीचे असतात. गादीकडं दोन बारीक वायरी जात होत्या. त्यांच्याबद्दल मी बराच विचार केला आणि थंड देशात बसायच्या आधी गादी गरम करायची सोय असेल असं ठरवून सोडून दिल्या. नाशकात तिचा काय उपयोग?

मग खंडेनवमी उजाडली. फोटोग्राफर आला होता, पेढे आले होते. गाडीला झेंडूचे हार, स्टिअरिंगला हळदकुंकू, पेडलवरच्या विटेलासुद्धा पुंजानं कुंकू लावलं. बायांनी आपले पाच विळे घासूनपुसून गाडीच्या पुढच्या चाकापाशी पूजेला ठेवले. खंडेनवमीला हत्यार पुजायचं असतं, त्यांनी पुजलं. साहेब गुडघ्यांमुळं खाली बसू शकत नाहीत, तेव्हा गाडीवर बसूनच पूजा करतील असं ठरलं. पण पुंजा म्हणाला, पूजेला बसणारा माणूस पाटाशिवाय कसा बसेल? ते सगळ्यांनाच पटलं. पाट आणायला माझं घर सगळ्यात जवळ. मी मंगलाच्या माहेरचा पाट आणला (तिला दुपारनंतर कळलं). तो गादीच्या दोन्ही कडांवर अगदी बेतशीर बसला, जणू त्याच मापानं केलेला. वर टॉवेल, वर साहेब. पूजा झाली, नारळ फुटला, फोटोग्राफरनं कॅमेऱ्याला डोळा लावला, साहेबांनी चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. काही लोकांनी टाळ्या सुरू केल्या होत्या, त्या कुठं थांबवाव्यात ते त्यांना कळेना. मागं पाच बाया हात जोडून उभ्या होत्या. त्या देवाकडं काय मागत होत्या ते मी तेव्हा विचारलं नाही.

साहेब खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, जयराम, तू वायरमन आहेस ना? एवढंच. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी गडबडून तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, मालेगावला आग्रा रोडवर माझे दाजी आहेत, मेलेला ट्रक नुसता कान लावून जिवंत करतात, आजपर्यंत एका गाडीला नाही म्हणालेले नाहीत. साहेब म्हणाले, बोलाव त्यांना, दिवाळीआधी एखाद्या शुक्रवारी, जाण्यायेण्याचं कंपनी बघेल. आणि त्यांनीही हात टेकले तर मग गाडी परत खोक्यात घालून गोडाऊनला टाकू, हिरवळीचं चाललंय तसं चालू दे. पुंजानं वर आणखी सांगितलं की गाडी चालू होईपर्यंत पूजेतला पाट जागेवरून हलवायचा नाही, अपशकुन होतो. त्यामुळं घरी मंगला माझ्याशी मोजकंच बोलते.

तर दाजी, येत्या शुक्रवारी पहिल्या एस्टीनं या, त्या दिवशी तुमच्याकडं बाजार बंदच असतो. माझी सहा वर्षं तुमच्या हातात आहेत. अक्काला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, वजन मात्र आहे तेवढंसुद्धा ठेवू नका.

तुमचा मेहुणा,
जयराम

ता. क. हे पत्र दोन दिवस माझ्या शर्टाच्या खिशातच राहिलं. वर लिहिलेलं सगळं परवापर्यंत खरं होतं. काल दुपारी एक गोष्ट घडली ती सांगतो. जेवणाची सुट्टी झाली होती, पुंजा चहाला गेला होता, आणि मी गाडीखाली उताणा पडून वायरी चाचपत होतो. गाडी गुलमोहराखाली उभी असते, सावली तेवढीच. बयाबाई भाकरीचं फडकं घेऊन आली. तिनं आधी टॉवेल उचलला, मग पाट उचलून खाली ठेवला, त्याच्यावर फडकं सोडलं, आणि स्वतः गादीवर बसली. मला खालून तिचे पाय दिसले. मी ओरडलो, बयाबाई उठा, ती साहेबांची गादी आहे! ती म्हणाली, "गादी आसंल सायबाची, खालचं वावर माझं हाय." आणि कांदा फोडला. मग म्हणाली, "ह्ये कायचं रं?" आणि चावी फिरवली. दाजी, गाडी एका फटक्यात चालू झाली! मी दचकून डोकं वर केलं, ते पाटल्याला आपटलं (चेसिसच्या आडव्या पट्टीला, तुम्हांला समजेल). बयाबाई भाकरीसकट उठून उभी राहिली, तर गाडी बंद. मी म्हटलं बसा. बसली, चावी फिरवली, चालू. उठली, बंद. तीनदा केलं. तिला वाटलं गाडीला वारं आलंय. मला घाम फुटला, कारण मला समजलं. गादीखाली घंटीच्या बटणासारखं एक बटण आहे. माणूस बसला की ते दाबलं जातं आणि करंट पुढं जातो. माणूस नसेल तर गाडी चालूच होऊ नये, आणि माणूस पडला तर बंद व्हावी, अशी त्या लोकांनी काळजी घेतलेली आहे. ती खुर्ची, त्या दोन वायरी, सगळं तेच. महिनाभर आम्ही साहेबांचा मान राखून उभ्यानं चावी फिरवत होतो. आणि शेवटी साहेब बसले तेही पाटावर, आणि पाट कडांवर टेकलेला, बटण खाली मोकळंच!

मला आधी खूप हसू आलं. मग बयाबाईकडं पाहिलं. ती हसत नव्हती. माझ्या तोंडावरूनच ती ओळखून चुकली होती. "घावलं?" म्हणाली. मी म्हटलं, घावलं. तिनं अर्धी भाकरी तशीच फडक्यात बांधली. म्हणाली, "मंग एक तारखेपून आमी नाय यायचं ना?" रडली नाही की काही नाही, बाजाराचा वार विचारावा तसं विचारलं. मग म्हणाली, "एक म्हैस भरल्या दिसांची हाय. तेवढी येली की तिन्ही इकून टाकीन. गवत इकत घिऊन कुठं म्हशी पाळत्यात?" दाजी, मला फार वाईट वाटलं. सहा वर्षं ही बाई माझ्यासमोर उकिडवी सरकत सरकत आपल्याच वावरातलं गवत कापते आहे, आणि तिच्याशी मी आजवर धड चार वाक्यं बोललो नव्हतो. मी काय करतोय ते मला करून झाल्यावर कळलं. मी पाट उचलला, बाहीनं पुसला, आणि गादीच्या कडांवर होता तसा ठेवला. वर टॉवेल. मग बाजूला उभा राहून, वाकून चावी फिरवली. काही नाही. दाजी, इतकी छान शांतता मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

मी साधुसंत झालोय असं समजू नका. आमच्याकडं दूध बयाबाईचंच येतं, आणि मंगलाला दुसऱ्या कुणाचं चालत नाही. रात्री राहवेना म्हणून मी मंगलाला सगळं सांगितलं. तिनं चहा टाकला, कप जरा जोरात पुढ्यात ठेवला. पर्मनंटचं अक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, पाट कधी येणार? मी म्हटलं, पाट आता येत नाही. मग मात्र ती बोलली, अर्धा तास, एका दमात, सगळं पाटाबद्दल. पण मला कळलं की त्यातलं निम्मं पर्मनंटबद्दल होतं. सकाळी उठून स्वतःच बयाबाईकडं दूध आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

ता. ता. क. शुक्रवारी तुम्ही यायचंच, कारण साहेबांनी बोलावलंय. फक्त गाडी दुरुस्त करायची नाही. कान लावा, पाना फिरवा, टेस्ट लॅम्प लावा, जे तुम्ही करता ते सगळं करा, आणि शेवटी पान थुंकून आल्यावर मान हलवा. म्हणा, साहेब, हे आपल्या हवेचं मशीन नाही. मी काय मागतोय ते मला कळतंय, दाजी. सबंध आग्रा रोडवर तुमचं नाव आहे की केरूमिस्त्रीनं गाडीला नाही म्हटलं नाही, आणि पहिलं नाही तुम्ही माझ्यासाठी म्हणायचं, तेही चालू गाडीला. तुम्हांला ते जमणार नसेल तर येऊ नका, मी काहीतरी निमित्त सांगेन. पण आलात तर पाच बाया तुमचं नाव घेतील, आणि त्यांना आग्रा रोड माहीत नाही.

ता. ता. ता. क. सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. काहीही झालं तरी गाडीवर बसू नका. साहेब आग्रह करतील, पुंजा टॉवेल झटकेल, तुमचे पाय दुखतील, तरी बसू नका. पाट आहे म्हणून तर मुळीच बसू नका. तुम्ही बसलात की पाट चिरणार, पाट चिरला की तुम्ही गादीवर जाणार, आणि तेवढ्यात कुणी चावी फिरवली की आपलं सगळ्यांचं झालं. उभ्यानंच तपासा, आम्ही महिनाभर तसंच केलं.

बयाबाईची म्हैस आज पहाटे व्याली, रेडी झाली. म्हशी विकायचं ती आता बोलत नाही. तुमच्यासाठी खरवसाचा चीक तिनं आत्ताच मंगलाकडं आणून दिलाय. जेवायला मात्र तुम्हांला सतरंजीची चौपदरी घडी मिळेल, जावयाला आमच्या घरात पहिल्यांदाच पाट मिळणार नाही, त्याबद्दल मंगलानं आधीच माफी मागायला सांगितलं आहे. एक तुमच्याखाली गेला. दुसरा कंपनीत आहे, आणि आमच्या घरातून तिथं पर्मनंट झालेला तो तेवढा एकच.